अक्का, तू यायच्या आधी

अक्का, तुझं विमान उतरायच्या आधी सांगून टाकते,
शेंगाचटणीची बरणी संपली.
मोठी.
फडताळात मागं लपवलेली दुसरी, तीही.

सव्वीस दिवस घर राखायला म्हणून
मला निपाणीहून शहापुरात बोलावलंस,
किल्ल्या दिल्यास, तुळशीचं पाणी सांगितलंस,
नळ कधी येतो, कधी नुसताच फुसफुसतो ते सांगितलंस,
म्हणालीस, डब्यात सगळं आहे, कायबी आणू नको.
सगळं होतं गं.
तेच तर झालं.

पहिल्या रात्री तांदूळ घेतला तो दोन मापटी.
माझ्याकडं सात ताटं पडतात,
हाताला दुसरं माप ठाऊकच नाही.
उरलेला भात सकाळी फोडणीला टाकला,
तेल जास्त पडलं म्हणून आणखी दोन कांदे चिरले,
कांदा जास्त झाला म्हणून चिरमुरे भिजवले,
आणि दुपारपर्यंत एकटीच्या नावावर
तीन पातेली घासायला पडली.

चौथ्या दिवशी तूप.
आधी चमच्यानं वाढून घेतलं. मग वाटीनं.
समोर कोणी नसलं की
चमचा कुठला आणि वाटी कुठली, कोण सांगणार?
मागच्या बोळातला माग चालू होता,
खट्टाक खट्टाक,
धोटा इकडून तिकडं जाईपर्यंत एक घास.

गूळ उभ्यानं खाल्ला.
पोरांसाठी कापडात बांधून ठेवलेल्या कडाक भाकऱ्या
रात्री बाराला, दिवा न लावता.
मोडल्याचा आवाज शेजारी जाईल म्हणून
तुकडा तोंडात धरून भिजू दिला.
चोरी नव्हती ती, तूच तर दिलं होतंस.
तरी अंधार लागला.

कोपऱ्यावरचा बसलिंगाप्पा साखर बांधता बांधता म्हणाला,
पाव्हणे आलेत काय, बाई?
होय की, म्हटलं.
किती जण?
चार, म्हटलं. तोंडातून चारच निघालं.
त्यानं वहीत कानडीत मांडून ठेवलंय.
त्याचा सात मला सहासारखा दिसतो,
तेवढाच काय तो आधार.
दुसऱ्या दिवशी त्यानंच आठवण केली,
पाव्हण्यांना कुंदा नको?
अर्धा किलो घेतला.
चौघांचाही मीच संपवला.

लहानपणी वाटे तू करायचीस, आठवतं?
जी वाटे करेल तिनं शेवटी उचलायचं,
हा आईचा कायदा.
तू सुरी घेऊन पेरूवर डोळा बारीक करायचीस,
केसभर इकडं, केसभर तिकडं,
आणि मी झडप घालून मोठा उचलायचे.
मोठा कुठला, हे तुझ्या तोंडाकडं बघून कळायचं.
आता या स्वैपाकघरात सगळा एकच वाटा आहे
आणि तुझं तोंड मस्कतला.
कुठं थांबायचं ते
मला कशावरून कळावं?

काल रविवार पेठेत गेले.
तांदूळ आणला, वासाचा म्हणून दिला त्यानं,
पण डब्यात ओतला तेव्हा डबाच जास्त वास मारत होता.
डाळी भरल्या. तूप कढवलं, जरा करपलं.
शेंगदाणे भाजले, लसूण सोलला,
तुझ्याच खलबत्त्यात चटणी कुटली
आणि बरणी गळ्यापर्यंत भरली.
आत्ता खांद्यापर्यंत आहे.
चव बघत होते.

पहिल्या घासाला तुला कळणार, मला म्हाईत आहे.
भावजींच्या पुढं काय बोलू नको.
आणि बसलिंगाप्पानं पाव्हण्यांचं विचारलं तर
गेले म्हणून सांग.

तुळस बरी आहे.
पाणी रोज घातलं,
तेवढं मात्र मोजून.